मोतमाउलीच्या टेकडीवर

मुंबईस ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांनी वांद्र्याच्या टेकडीवरील मेरीमातेचे देऊळ निदान बाहेरून तरी पाहिलेले असेल. इंग्रजीत त्यास 'माउंट मेरी' म्हणतात. कोळीवाड्यांतून व जुन्या मराठी घरांतून मात्र 'मोतमाउली' हेच नाव चालत आलेले आहे. मोत म्हणजे मोती, आणि मोत्याची माउली ती मोतमाउली, असा अर्थ कोळी लोक सांगतात. पोर्तुगीज भाषेत डोंगरास 'मोंत' असा शब्द आहे, आणि हे देऊळ प्रथम बांधणारे पोर्तुगीजच होते. तेव्हा डोंगरावरची माउली ती मोतमाउली, ही व्युत्पत्ती माझ्यासारख्या मास्तराला अधिक सरळ वाटते. परंतु ज्याचे पोट समुद्रावर चालते त्याला डोंगरापेक्षा मोती जवळचा वाटावा, यात नवल ते काय? नाव ज्याने प्रेमाने घेतले त्याचा अर्थ खरा धरावा, हे बरे.

या टेकडीवर मी गेल्या भाद्रपदात गेलो, तो प्रवासी म्हणून नव्हे; एक नवस फेडावयाचा होता म्हणून. नवस माझा नव्हता, माझ्या कुटुंबाचा होता. आमची मुलगी मुंबईस असते. तिचा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला व तो डोक्यात गेला. सतरा दिवस तो इस्पितळात होता. शेजारच्या बिऱ्हाडात एक ख्रिस्ती बाई होत्या. त्यांनी आमच्या मंडळींस मोतमाउलीचे नाव सांगितले. माझे कुटुंब म्हणजे वणीच्या सप्तशृंगीची चैत्रातली यात्रा सहसा न चुकविणारे. त्या देवीला अठरा हात. तिच्यापुढे जन्मभर हात जोडलेल्या बाईने त्या रात्री, न पाहिलेल्या एका देवीला, 'पोर उठून बसले तर तुला मेणाचे बाळ वाहीन, आणि ते तो आपल्या पायांनी चढून, आपल्या हाताने वाहील' असे म्हटले. पोर उठून बसले. पायांत बळ येण्यास मात्र फार दिवस लागले. चालणे नीट होईतो वर्षे गेली, आणि तेवढ्यात नवस बोलणारी निघून गेली. जाण्यापूर्वी तिने ही गोष्ट मला दोनदा व मुलीला एकदा आठवण करून दिली होती.

आमच्या एका नातलगांनी मला विचारले, 'मास्तर, आपल्यात देवी काय कमी आहेत?' मी म्हटले, कमी नाहीत. परंतु हे देणे ज्या ठिकाणी कबूल केले त्याच ठिकाणी द्यावयाचे आहे. उसने शेजारणीकडून घेतले असता ते दुसऱ्याच्या घरी नेऊन दिले, तर फिटत नाही. ते हसले व गप्प बसले. त्यांना पटले, असे मात्र मी म्हणत नाही.

तेव्हा जत्रेच्या आठवड्यात आम्ही निघालो. मेरीमातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर हा मानतात. त्यानंतरच्या रविवारपासून आठ दिवस वांद्र्याची जत्रा भरते. गर्दीच्या रविवारी मुलाला नेणे बरे नव्हे म्हणून आम्ही मधला वार निवडला, आणि सकाळीच चढ चढू लागलो. टेकडी फार उंच नाही. वणीचा गड ज्याने पाहिला आहे त्याला तर ती उंबरठ्यासारखी वाटेल. समुद्राच्या बाजूने वर येणाऱ्या पायऱ्यांना बमनजींच्या पायऱ्या असे जुने नाव आहे. म्हणजे ख्रिस्ती देवळाची वाट पारशाच्या नावाची. वरचे आजचे देऊळ १९०४ मधले. तेही मुंबईच्या ज्या वास्तुविशारदाने उभारले त्याचे नाव शापूरजी चांदाभॉय, आणि खर्च आला होता १ लाख रुपये. काळ्या दगडाचे दोन मनोरे, टोकदार कमानी, आत उंच छत. १९५४ मध्ये रोमच्या धर्मगुरूंनी या देवळास 'बॅसिलिका' हा मान दिला.

वाटेवर दुतर्फा मेणाची दुकाने लागतात. हा बाजार मी मनापासून पाहिला. नुसत्या मेणबत्त्या तर असतातच, पण त्यांच्या जोडीला मेणाचे हात, मेणाचे पाय, डोळे, पोट, छाती, अख्खी माणसे, कुशीत मावेल एवढे बाळ. ज्याचे जे दुखते ते त्याने न्यावे. ज्याला घर हवे त्याच्यासाठी मेणाचे घर. ज्याला परदेशी जावयाचे त्याच्यासाठी मेणाचे विमान. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल झाले म्हणजे पाळणा बांधतात. त्याचाच हा मेणातला अवतार. दुकाने मांडणाऱ्यांत ख्रिस्ती होत्या तशा हिंदूही होत्या. मेणाच्या राशीशेजारी झेंडूच्या माळा टांगलेल्या. मेरीमातेला झेंडू! पण कोकणातील बाईने देवाला न्यावयाचे तर झेंडूच न्यावा, दुसरे काय न्यावे?

येथे थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. माझा स्वभावच तो. आणि त्या दिवशी तो चढावर उपयोगी पडला, कारण गोष्ट चालू असली म्हणजे मुलाचे पाय दुखत नाहीत. मी त्याला सांगू लागलो की, इ. स. १६४० च्या सुमारास जेझुइट पाद्र्यांनी या जागी एक लहानसे देऊळ बांधले. खाली समुद्राच्या टोकावर जो पडका किल्ला आहे, तोही पोर्तुगीजांनी त्याच साली बांधला. पुढे १७०० मध्ये अरब चाच्यांनी वांद्र्यावर धाड घातली. मूर्तीच्या हातात सोनेरी वस्तू होती, ती सोन्याची समजून त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला. मग मधमाश्यांचे मोहोळ उठले आणि चाचे पळाले, असे भाविक सांगतात. दुसरी गोष्ट कोळ्यांची. एका कोळ्याला स्वप्न पडले की समुद्रात तुला मूर्ती सापडेल. आणि ती सापडली. आपल्याकडील किती स्वयंभू देवांच्या कथा अशाच आहेत, हे श्रोत्यांना सांगावयास नको. डोहात, शेतात, वारुळात देव सापडतो. समुद्रकाठी तो जाळ्यात सापडतो.

एवढ्यावर गोष्ट राहिली असती तर बरे होते. परंतु मी पुढचे साल सांगितले. १७३७ पासून मराठ्यांनी साष्टी बेटावर स्वारी केली, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि त्या धामधुमीत हे देऊळ जमीनदोस्त झाले. मुलगा थांबला. त्याने विचारले, 'आजोबा, म्हणजे हे आपण पाडले?'

अकरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न. तीस-पस्तीस वर्षे वर्गात उभे राहून मी वसईच्या मोहिमेचा धडा शिकविला, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण नाशिकच्या वर्गातून हे देऊळ दिसत नाही. मी त्याला म्हटले, 'हो बाळ, आपल्या स्वारीत पडले.' मग बाकीचेही सांगितले. अर्धे सांगणे बरे नव्हे. पोर्तुगीजांनी आपल्या अमलात साष्टीतली किती देवळे मोडली, बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात आपले देऊळ कसे थाटले, आणि तेथे पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली ती मराठ्यांचा अंमल आल्यावरच, हेही सांगितले. चिमाजीअप्पांनी वसई मिळावी म्हणून वज्रेश्वरीला नवस केला होता व जय मिळाल्यावर तिचे मंदिर बांधविले, ही कथाही सांगितली. मुलगा म्हणाला, 'त्यांचाही नवस होता?' मी म्हटले, 'त्यांचाही.'

यानंतर आली ती घंटा. उन्हाळ्याच्या सुटीत तो नाशिकास येतो आणि पंचवटीत नारोशंकराच्या देवळाबाहेर ती अवाढव्य घंटा पाहिल्यावाचून त्याचा दिवस जात नाही. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी रामेश्वराचे ते देऊळ १७४७ साली बांधले, व वसईच्या विजयात मिळालेली घंटा म्हणून नाशिककर ती अभिमानाने दाखवितात. ती १७२१ साली ओतलेली आहे. भीमाशंकरास अशीच घंटा आहे, वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर आहे. या घंटा कोठून आल्या, हे मीच त्याला लहानपणी सांगितलेले होते. आता टेकडीवर उभे राहून त्याने दोन्ही गोष्टींची सांगड घातली, आणि विचारले, 'मग ती परत का नाही देत?'

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले नाही. ती घंटा या देवळाची नव्हे, वसईकडची, असे सांगून सुटता आले असते. परंतु तो प्रश्न घंटेच्या पत्त्याचा नव्हता. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती गोदेच्या काठी आहे. नाशिकच्या किती पिढ्या तिच्याखालून गेल्या. ती आमची नाही असे म्हणवत नाही, आणि ती आमचीच असे त्या जागी उभे राहून म्हणण्यास जीभ रेटेना. 'मोठा झालास म्हणजे तूच विचार कर,' असे मी म्हणालो. त्याला ते फारसे आवडलेले दिसले नाही.

परंतु एक गोष्ट मी त्याला सांगितली, ती आपणांसही सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. देऊळ पडले तेव्हा मेरीमातेची मूर्ती खाडीपलीकडे माहीमला, इंग्रजांच्या हद्दीत, सेंट मायकेलच्या देवळात नेऊन ठेवली होती. देऊळ पुन्हा बांधले गेले १७६१ साली. आता १७६१ साली साष्टीत अंमल कोणाचा होता? मराठ्यांचा. इंग्रजांनी ठाणे घेतले ते १७७४ च्या डिसेंबरात. म्हणजे जे देऊळ मराठ्यांच्या स्वारीत पडले, तेच बावीस वर्षांनी मराठ्यांच्या अमलात उभे राहिले, आणि मूर्ती इंग्रजांच्या छत्राखालून निघून पेशव्यांच्या मुलखात परत आली. त्या साली जानेवारीत पानिपत झाले होते, जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले. दिल्लीपासून पुण्यापर्यंत घरोघरी सुतक असताना वांद्र्याच्या टेकडीवर कोणी दगड रचीत होते, आणि त्यांना कोणी अडविले नाही. वसईच्या तहातही मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळू देण्याचे कबूल केलेले होते. तहातील शब्द पाळले जातातच असे नाही. येथे पाळला गेल्याचा हा दगडी पुरावा आहे, असे मी समजतो.

आणि ही रयत होती तरी कोण? साष्टीतील मूळचे शेतकरी, कोळी, भंडारी, यांतलेच ते लोक. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली त्या सुमारास, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, पण घरात बोली मराठीच राहिली. जत्रेत त्यांच्या वृद्ध बायका एकमेकींना हाका मारीत होत्या ती भाषा मला अर्धी कळे, अर्धी कानाला गोड लागे. देवळात या आठवड्यात निरनिराळ्या भाषांतून प्रार्थना होतात, त्यांत मराठीही असते. नाशिककरांना हे नवे वाटू नये. ज्यांची 'स्मृतिचित्रे' आपण घरोघरी वाचतो त्या लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्याच, आणि १९३६ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही नाशिकास.

देवळात आम्ही रांगेने शिरलो. रांगेत आमच्यापुढे एक गुजराथी जोडपे होते, त्यांच्यापुढे बुरखा घेतलेली एक तरुण बाई, कडेवर तान्हे मूल. मागे कोळणींचा घोळका, अंगावर सोने, केसांत अबोलीचा वळेसर. एक पारशी वृद्ध काठी टेकीत चालले होते. त्यांना सर्वांनी पुढे जाऊ दिले. या दृश्याला 'सर्वधर्मसमभाव' हा भारदस्त शब्द लावण्याचा मोह होतो. मी तो लावणार नाही. हे देऊळ रोमन कॅथलिक लोकांचे आहे, तेथील उपासना त्यांच्या रीतीची आहे, आणि रांगेतील कोणी आपला धर्म खाली दुकानात ठेवून आलेला नव्हता. गुजराथी बाईने मूर्तीसमोर पदर डोक्यावर घेतला, मुसलमान बाईने दोन्ही तळहात उघडे धरले, कोळणींनी छातीवर क्रूस काढला, मी हात जोडले. जो तो आपल्याच रीतीने मागत होता. ज्याचे मूल आजारी आहे त्याला समतेचे तत्त्वज्ञान सुचत नाही. त्याला दार उघडे आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते. ते येथे उघडे आहे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवळात फेब्रुवारीत जी गर्दी होते, किंवा जुन्या नाशकात पिंजारघाटावरील बड्या दर्ग्यात गुरुवारी जी माणसे दिसतात, त्यांतही हेच आहे.

मूर्तीकडे मी नीट पाहिले. कडेवर बाळ, अंगावर जरीचे वस्त्र. तोडलेला हात पुन्हा बसविलेला आहे. माझ्या कुटुंबाला ही मोडक्या हाताची गोष्ट ठाऊक नव्हती. असती तर ती काय म्हणाली असती, हा विचार मनात येऊन गेला; बहुधा 'मग तिला मागणाऱ्याचे दुखणे अधिक कळत असेल,' असेच काहीतरी.

मेणाचे बाळ मुलाच्या हातात होते. दुकानात घेतानाच त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि मला म्हणाला, 'हा मी का?' दुकानदारीण हसून म्हणाली, 'होय रे बाबा, तूच. नीट धर, पडला तर तुटशील.' तेव्हापासून त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. वेदीजवळ स्वयंसेवक उभा होता. त्याच्या हाती ते देताना मुलगा क्षणभर थबकला. मग दिले. स्वयंसेवकाने ते इतर हातापायांच्या राशीत ठेवले. एवढेच. सात वर्षांचे देणे अर्ध्या मिनिटात फिटले. मुलीने डोळे पुसले. मुलगा मात्र मान वळवून वळवून, आपले बाळ कोणत्या पायाखाली गेले, ते पाहत होता.

बाहेर आल्यावर आम्ही कठड्याशी उभे राहिलो. पूर्वी या टेकडीवरून समुद्र मोकळा दिसत असे म्हणतात. आज तो उंच इमारतींच्या फटींतून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. खाली किल्ल्याच्या टोकाकडे गेले म्हणजे मात्र सगळा पट उलगडतो. डावीकडे माहीमचा उपसागर, त्याच्या काठी मखदूम अली माहिमींचा दर्गा व ते सेंट मायकेलचे देऊळ, समोर वरळी, आणि मधून गेलेला २००९ मधला सागरी सेतू, तारांच्या दोन मोठ्या पंख्यांसह. मुलाला अर्थात सेतूचे कौतुक. मी त्याला त्याआधीचा रस्ता सांगितला. माहीम व वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती, होडीने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे दगावत. सरकार खर्चाला कुरकुरत होते. तेव्हा जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये आपल्या पदरचे दिले आणि १८४० नंतरच्या दशकात तो बांध झाला. त्यावरून जाणाऱ्याकडून कर घेऊ नये, ही त्यांची अट. त्या बाईंनीही मोतमाउलीला नवस केला होता म्हणून हा बांध बांधला, अशी एक आख्यायिका वांद्र्यात ऐकू येते. आख्यायिका राहू द्या. बांध खरा आहे, आणि मुंबईचे लोक त्यावरून रोज जातात.

२०२० व २०२१ या दोन साली साथीमुळे ही जत्रा भरली नव्हती. जत्रा नसते तेव्हा मेणवाल्यांचे काय होते, हे मी दुकानदारणीला परतताना विचारले. ती म्हणाली, 'मास्तर,' (मी मास्तर हे तिला कसे कळले कोण जाणे) 'माणसे खालून हात जोडून जायची. मेण घरात पडून होते. ह्या वर्षी बघा, घेता घेता संपते.' तिच्या दुकानात त्या वेळी एक मुलगी मेणाचे घर निवडीत होती, आणि तिची आई तिला दोन मजल्यांचे घर नको, एक मजल्याचे घे, असे बजावीत होती.

मुलाला भूक लागली होती. जत्रेत कडियो-बोडियो नावाची साखरेत घोळलेली तळलेली कांडी मिळते; ती त्याने पुडाभर घेतली, आणि एक पुडा आजीच्या तसबिरीपुढे ठेवण्यासाठी वेगळा बांधून घेतला. पायऱ्या उतरताना तो माझ्यापुढे होता. तेवढ्यात पावसाची सर आली, तेव्हा आम्ही एका दुकानाच्या पडवीला उभे राहिलो, आणि तेथेच त्याने पहिला पुडा संपविला.